बिबट्या दिसला म्हणजे नेमकं काय कळवायचं?

रविवारी चोरलहून परतताना सिमरोलच्या घाटात गाडीच्या उजेडात काहीतरी रस्ता ओलांडतं, आणि इंदूरला पोहोचेपर्यंत ‘तेंदुआ (बिबट्या) दिसला’ म्हणून व्हिडिओ दहा ग्रुपांवर फिरलेला असतो. जागा, वेळ, आकार यांतलं काहीच त्यात नसल्याने वनविभागाच्या हाती काही लागत नाही.

सगळ्यात फसवतो तो आकार: रानातली लहान मांजरंही बिबट्या वाटतात. वाघाटी हे ठिपक्यांचं मांजर पूर्ण वाढलं तरी एक-दीड किलोचं, घरच्या मांजरापेक्षाही लहान. रानमांजराच्या अंगावर ठिपके नसतात; पाय उंच, शेपूट आखूड नि टोकाला काळी, कानांच्या टोकांवर काळे केस. एकट्या फोटोत हा फरक बुडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी भर उजेडात, दोघांनी मिळून, आधी फोटो घेतला तिथूनच पुन्हा एक काढा. या वेळी प्राणी होता त्या जागी माणूस उभा करा. दोन फोटो शेजारी ठेवले की उंची कळते. मात्र बिबट्या तिथेच दबा धरून असण्याची शंका असेल, तर गाडीतून उतरूच नका.

ठसा सापडला तर शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून माप निघतं. कॅमेरा बरोबर वरून धरा. मांजरकुळाच्या ठशात चार बोटं दिसतात, नखं सहसा नाहीत. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात. पण ओल्या चिखलात ठसा पसरून मोठा होतो, आणि घसरताना मांजरही नखं रोवतं. त्यामुळे एका ठशावरून ठरवू नये, सलग चार-पाच टिपावेत.

ठिकाण म्हणून ‘घाटाजवळ’ पुरत नाही. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत लिहिले की जागा साधारण ११ मीटरच्या आत सापडते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. हे आकडे वनविभागालाच द्या, ग्रुपवर कधीही टाकू नका. शिकारी आणि हौशी गर्दी, दोघंही त्याच पत्त्यावर पोहोचतात. प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणारं आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळसुद्धा धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप झाकतं.

गाडीखाली मेलेल्या रानातल्या मांजराची नोंद तर फारच मोलाची, आणि नेमकी तीच कुणी करत नाही. किलोमीटरचा दगड दिसेल असा फोटो घ्या, प्राण्याला हात लावू नका. कायद्याने तो सरकारी मालमत्ता असतो. एकाच वळणावर पुन्हा पुन्हा प्राणी मरत असतील, तर रस्त्याखालून वाट कुठे हवी ते तिथेच कळतं. पेंचजवळ महामार्गाखाली केलेल्या अशा वाटा रानमांजरं वापरतात, हे कॅमेऱ्यांत टिपलं गेलं आहे.

नोंदी वाचताना एक भान हवं: माणसं जिथे जास्त फिरतात तिथूनच त्या जास्त येतात. फार्महाऊसांच्या पट्ट्यात वीस नोंदी आणि आतल्या नाल्यात शून्य, म्हणजे नाल्यात मांजर नाही असं नव्हे. म्हणून नेहमी त्याच वाटेने फिरणाऱ्यांनी काहीच दिसलं नाही त्या दिवशीही तारीख, वेळ आणि चाललेलं अंतर लिहून ठेवावं.