सीमेवरची झडती आणि खिशातला फोन

अमेरिकेत पोलिसांना घराची झडती घ्यायची तर वॉरंट लागतं, आणि देशात शिरताना सीमेवर ते लागत नाही. हे वाचकांना माहीत असतंच. सीमेवरचा अधिकार बॅगेवरून फोनपर्यंत कसा पोहोचला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

सरकारी वकिलांचा आवडता पुरावा ३१ जुलै १७८९ चा कस्टम्स कायदा. ज्या पहिल्या संसदेने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकांना अवाजवी झडतीपासून वाचवणारी चौथी घटनादुरुस्ती राज्यांकडे मंजुरीला धाडली, तिनेच आधी हा कायदा केला होता. म्हणजे घटनाकारांनाच सीमेवरची झडती मान्य होती, असा युक्तिवाद. तो बिनतोड वाटतो, पण कायदा उघडून पाहिला की थोडा ढिला पडतो. जहाजावर चढायला वॉरंट नको हे खरं. मात्र जकातीचा माल दडवला असल्याचा संशय घ्यायला कारण हवं, हेही त्यातच लिहिलंय. घरादुकानात शिरायचं तर तेव्हाही वॉरंटच लागे. पुढच्या दोनशे वर्षांत ‘वॉरंट नको’ एवढंच सर्वांच्या लक्षात राहिलं. संशयाची अट कधी गळली, ते कुणी फारसं विचारलं नाही.

ती पक्की गळली १९७७ च्या निकालात. थायलंडहून न्यूयॉर्कला आलेली काही पाकिटं कस्टम्सच्या माणसाला हाताला जड, फुगीर लागली. फोडली तर हेरॉइन. सीमेवरची झडती ती सीमेवर झाली एवढ्याच कारणाने वाजवी ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि हे वाक्य पुढे मंत्रासारखं म्हटलं जाऊ लागलं. त्याच निकालातली दुसरी गोष्ट मागे पडली. तेव्हाच्या नियमांनुसार पाकीट फोडता येई, पण आतलं पत्र वॉरंटशिवाय वाचायला मनाई होती, आणि न्यायालयाने या मनाईचा आधारही घेतला होता. आज फोनमधला घरचा सगळा पत्रव्यवहार अधिकारी उभ्या उभ्या चाळू शकतो, हे त्या निकालाच्या जोरावर चालतं!

१९८५ मध्ये एक अपवाद झाला. बोगोटाहून लॉस एंजेलिसला उतरलेल्या एका बाईने पोटात कोकेनचे फुगे दडवल्याच्या संशयावरून तिला सोळा तास बसवून ठेवलं होतं. एवढं करायला वाजवी संशय हवा, असं ठरलं. २००४ मध्ये गाडीची पेट्रोलची टाकी सोडवून पाहायला तोही नको, असं ठरलं. म्हणजे शरीराला थोडं संरक्षण, वस्तूला नाही. लॅपटॉप आला तेव्हा तो कुठल्या खणात ठेवायचा, हा प्रश्न होता.

त्याचं सगळ्यात वादग्रस्त उत्तर २०१३ चं. मेक्सिकोची सुट्टी संपवून एक जोडपं २००७ मध्ये ॲरिझोनातल्या ल्यूकव्हिल नाक्यावरून परतत होतं. नवऱ्याचं नाव संगणकात टाकल्यावर बालकांवरील लैंगिक गुन्ह्याबद्दल १९९२ मध्ये झालेली शिक्षा समोर आली. नाक्यावर लॅपटॉपमध्ये सुट्टीचे फोटो आणि काही पासवर्ड लावलेल्या फाइल्स, एवढंच सापडलं. जोडप्याला जाऊ दिलं आणि लॅपटॉप गाडीत घालून सुमारे १७० मैलांवरच्या टूसॉनला नेला. तिथे पुसून टाकलेल्या जागेतून बालकांचं अश्लील साहित्य बाहेर काढलं. खालच्या न्यायालयाने पुरावा बाद केला, अपिलात तीन न्यायाधीशांनी तो परत घेतला, मग अकरा न्यायाधीश बसले. त्यांनी नवा नियम घातला: वरवर चाळणं ठीक, पण यंत्र लावून खोलवर उकरायचं तर वाजवी संशय हवा. पासवर्ड लावणं हा एकटाच संशय होऊ शकत नाही, असंही बजावलं. आणि या प्रकरणात संशय पुरेसा होता म्हणून पुरावाही ठेवला. नियम जिंकला, माणूस हरला. अशा प्रकरणांत बहुतेकदा हेच होतं, कारण सहानुभूती वाटावी असा आरोपी न्यायालयात क्वचितच पोहोचतो.

माझ्या मते त्या निकालाची खरी अडचण ‘चाळणं’ आणि ‘उकरणं’ या फरकात आहे. अंगठ्याने तासभर वॉट्सॲप वाचलं तर ते चाळणं, आणि केबल जोडली की उकरणं. ज्याचे मेसेज वाचले जातात, त्याला यात काय फरक पडतो?

तरी प्रशासनाने जानेवारी २०१८ च्या नियमावलीत हाच फरक उचलला. चाळायला संशय नको; केबल लावायला वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण, शिवाय वरिष्ठांची परवानगी. फोन नेटवर्कपासून तोडूनच पाहायचा, म्हणजे क्लाउडमधलं वाचता येत नाही. मधल्या काळात, २०१४ मध्ये, अटकेतल्या माणसाचा फोन पाहायलाही वॉरंट लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं होतं. सीमेबद्दल मात्र ते काहीच बोललं नाही, आणि त्या मौनाचा ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. २०१५ मध्ये सीमेवर साधारण साडेआठ हजार उपकरणं तपासली गेली होती. २०२४ मध्ये सुमारे सत्तेचाळीस हजार. एकूण प्रवाशांच्या मानाने हे प्रमाण नगण्य, असं सरकार म्हणतं. ते खरंही आहे.

आता चित्र विमानतळागणिक बदलतं, कारण प्रत्येक भागाचं अपील न्यायालय आपल्या भागापुरता नियम ठरवतं. अटलांटाच्या अपील न्यायालयाला २०१८ पासून केबल लावायलाही संशय नको. बोस्टनमध्ये दहा नागरिक आणि एका ग्रीन कार्डधारकाने खटला भरला, २०१९ मध्ये जिंकला आणि २०२१ मध्ये अपिलात हरला. सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. सॅन फ्रान्सिस्कोत २०१९ पासून फोनमध्ये खुद्द बेकायदा मजकूरच (जो बाळगणंच गुन्हा असा) शोधता येतो, इतर गुन्ह्यांचे पुरावे नाहीत. न्यूयॉर्कमध्ये २०२३ आणि २०२४ मध्ये दोन जिल्हा न्यायाधीशांनी थेट वॉरंट हवं म्हटलं, आणि अधिकारी सद्भावनेने वागले म्हणून पुरावा दोन्हीकडे ठेवला.

नागरिकाने पासकोड दिला नाही तर फोन ठेवून घेता येतो, पण त्याला परत पाठवता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईला येतं, आणि तिच्याबाबतीत वॉरंट आणि संशयाचा हा सगळा वाद सुरूच होत नाही.