छोटा बी, मोठा बी

गेल्या पावसाळ्यात घरचं इंटरनेट बदलून घेतलं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. पहिल्याच रात्री एक मोठी फाइल उतरवायला घेतली, तर पडद्यावर वेग दिसतोय बारा. कधी साडेबारा, कधी अकरा, पण तेराच्या वर काही तो जाईना. दुसऱ्या दिवशी तक्रार केली. गोरेगावातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक विशीतला मुलगा आला, ओल्या चपला दाराबाहेर काढल्या, पडदा बघितला, माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "काकू, स्पीड बरोबर आहे. तो बी वेगळा, हा बी वेगळा. प्लॅनमधला छोटा बी, इथला मोठा बी. आठाने भागा."

शंभर भागिले आठ, साडेबारा. हिशोब चोख. इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करून मी पोट भरते. अर्ज, माहितीपत्रकं, यंत्रांसोबत येणारी पुस्तकं, मिळेल ते. त्यामुळे शब्दाच्या बाबतीत या पोराने मला पकडावं, हे जरा लागलंच. पण दोष सगळा माझा नव्हता. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतातच. एकदा 'एमबी' लिहिलं की त्यातला बी छोटा की मोठा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

छोटा बी म्हणजे बिट. प्लॅनमधलं एमबीपीएस म्हणजे सेकंदाला तितके मेगाबिट, आणि एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट. 'बिट' हा शब्द 1947 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जॉन ट्यूकी या संख्याशास्त्रज्ञाने एका टिपणात वापरला. शून्य आणि एक या दोनच अंकांची जी पद्धत, तिच्यातल्या अंकाला इंग्रजीत 'बायनरी डिजिट' म्हणतात. दर वेळी एवढं लांबलचक कोण बोलणार? 'बिगिट' आणि 'बिनिट' अशी आणखी दोन नावंही तेव्हा चर्चेत होती. ट्यूकींनी ते सगळं आवळून 'बिट' केलं. त्यात गंमत अशी, की हा शब्द इंग्रजीत आधीपासून होताच, आणि त्याचा अर्थ तुकडा, चिमूटभर. पुढच्याच वर्षी, 1948 मध्ये, त्यांचे सहकारी क्लॉड शॅनन यांनी माहितीच्या गणितावरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात हा शब्द घेतला आणि श्रेय ट्यूकींना दिलं. आपल्याकडे मात्र बीट म्हटलं की कोशिंबीर आठवते, नाहीतर पोलिसांची बीट चौकी.

शॅनन यांनी जे केलं ते नावापेक्षा फार मोठं होतं. माहिती मोजता येते, हे त्यांनी दाखवलं. किलोने तांदूळ मोजावेत तशी. फक्त इथे मोजायचं ते बातमीतलं नवल. जुलै महिन्यात दादरहून कुणी फोन करून सांगितलं, "अगं, पाऊस पडतोय", तर त्याने मला काय दिलं? जवळजवळ काहीच नाही. जुलैत दादरला पाऊस पडायचाच. हाच फोन फेब्रुवारीत आला तर मी उठून खिडकीशी जाईन. शब्द तेच, माहिती मात्र कितीतरी जास्त. गोष्ट जितकी अनपेक्षित, तितकी ती कळल्यावर मिळणारी माहिती मोठी, असा हा नियम आहे.

मोजायचं कसं, तेही सोपं आहे. फलाटावर उभ्या आहात, येणारी लोकल फास्ट असेल की स्लो, दोन्ही शक्यता सारख्याच. इंडिकेटर लागला, उत्तर मिळालं. एक बिट माहिती मिळाली. आता समजा गाडी आठ फलाटांपैकी कुठल्याही एकावर येऊ शकते. 'पहिल्या चारांत का?' हो. 'त्यातल्या पहिल्या दोनांत का?' नाही. 'मग तिसऱ्यावर का?' हो. हो-नाहीचे तीन प्रश्न, म्हणजे तीन बिट. दर प्रश्नाला शक्यता निम्म्या होतात. एक हजार चोवीस फलाट असते तरी दहा प्रश्नांत काम झालं असतं. बातमी प्रेमाची असो की वीजबिलाची, शॅनन यांच्या तराजूला फरक पडत नाही. अर्थाशी त्याचं काही देणंघेणंच नाही, आणि म्हणूनच गाणं, फोटो, आवाज, सगळं एकाच वायरीतून वाहून नेता येतं.

मोठा बी म्हणजे बाइट. तो 1956 मधला, आयबीएम कंपनीतला. 'स्ट्रेच' नावाचा एक प्रचंड संगणक तिथे तयार होत होता. बिट एकेकटे हाताळण्यापेक्षा त्यांचा जुडगा करून यंत्राने तो एकदम उचलावा, अशी कल्पना होती. त्या जुडग्याला वर्नर बुखहोल्ट्झ यांनी नाव दिलं ते 'घास' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून. पण त्या शब्दाचं मूळ स्पेलिंग ठेवलं असतं तर शेवटचं एक अक्षर टंकताना सुटलं की झालाच बिट. म्हणून त्यांनी मधलं अक्षर बदलून वाय घातला. इतकी काळजी घेतली बिचाऱ्यांनी, आणि पुढच्या लोकांनी दोघांचीही संक्षेपात एकेका 'बी'वर बोळवण केली. सुरुवातीला एका घासात किती बिट, हे पक्कं नव्हतं. 1964 च्या सिस्टम 360 या यंत्रमालिकेने आठचा घास चालवला आणि तोच रूढ झाला. अर्ध्या बाइटला, म्हणजे चार बिटना, इंग्रजीत 'निबल' म्हणतात, उंदराने कुरतडावं तसं. मला भाषांतर करायला सांगितलं असतं तर मी तुकडा, चतकोर आणि घास केलं असतं. कुणी सांगितलं नाही.

या घासांचा हिशोब आपल्या लिपीशी येऊन कसा अडतो बघा. रोमन लिपीत आपल्या शहराचं नाव सहा अक्षरी, आणि ते साठवायला सहा बाइट लागतात. देवनागरीत 'मुंबई' दिसायला तीन अक्षरं. पण संगणक ती सुटी करतो: म, उकार, अनुस्वार, ब, ई. झाले पाच घटक. आणि आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट. एकूण पंधरा. ही पद्धत 1992 साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, ताटाखाली अंथरायच्या कागदावर मांडली. जुन्या अमेरिकी संकेतातली 128 चिन्हं आधीच एकेका बाइटात बसली होती, ती तशीच ठेवून बाकीच्या जगाला पुढच्या लांब क्रमांकांत बसवायचं, हा तिचा पाया. रांगेत आधी उभा राहिला त्याला बाकड्यावर जागा. एसएमएसमध्ये तर हे डोळ्यांना दिसायचं. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत भागवतं, म्हणून 160 अक्षरं. मराठीला तिथल्या वेगळ्या पद्धतीत दर घटकामागे दोन बाइट, म्हणून 70. शुभेच्छा मराठीतून द्यायच्या तर त्या निम्म्याहून कमी जागेत आटपायच्या, किंवा दोन मेसेजचे पैसे मोजायचे.

'सॉफ्टवेअर' हा शब्दही छापलेल्या लेखात संगणकाच्या अर्थाने पहिल्यांदा वापरला तो या ट्यूकींनीच, 1958 साली. एका माणसाने असे दोन शब्द जगाला देऊन जावेत आणि त्याचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगू नये, हे मला नेहमी खटकतं. संगणकातल्या बिघाडाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. त्याची गोष्ट मात्र सगळ्यांना तोंडपाठ असते, आणि अर्धी चुकीची. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या सत्तर नंबरच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यात, दिव्यावर झेपावतो तसला एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला गेला, हे खरं. पण सोबतची नोंद वाचा: बग 'खरोखर' सापडल्याची ही पहिलीच वेळ, असं तिथे लिहिलंय. म्हणजे बिघाडाला किडा म्हणायची रीत आधीचीच. एडिसननेही 1878 च्या एका पत्रात तो शब्द वापरला होता. नोंदवहीतला तो विनोद होता, बारसं नव्हतं.

खुद्द 'कम्प्युटर' हा शब्द तर माणसाचा होता. 1613 पासून इंग्रजीत तो सापडतो, आणि शेकडो वर्षं त्याचा अर्थ आकडेमोड करणारा कारकून असाच होता. पुढे या कामावर बायका मोठ्या संख्येने होत्या. मराठीतला 'संगणक' याच चालीचा. शिक्षक शिकवतो, लेखक लिहितो, संगणक मोजतो. यंत्राला माणसाचा प्रत्यय. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बांधणीचा मोठा संगणक 1960 मध्ये सुरू झाला. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं 'टिफ्रॅक'. यातली सुरुवातीची अक्षरं संस्थेची आणि शेवटची दोन 'ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर'ची. कम्प्युटर नव्हे, कॅल्क्युलेटर! आज ते ऐकून माझ्या पुतण्याला हसू येतं.

मुंबईचा आणखी एक धागा याहून नाजूक आहे. दोन वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडायच्या कामाला इंजिनिअर 'इंटरनेटवर्किंग' म्हणत. डिसेंबर 1974 मध्ये एक तांत्रिक टिपण निघालं, क्रमांक 675. त्याच्या मथळ्यात हा शब्द 'इंटरनेट' असा आखूड होऊन आला. लिहिणारे तिघे: व्हिंट सर्फ, कार्ल सनशाइन आणि योगेन दलाल. यातले दलाल पवईच्या आयआयटीतून पदवी घेऊन स्टॅनफर्डला गेलेले. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून. शब्दावर पवईच्या विद्यार्थ्याचा हात जवळजवळ एकवीस वर्षं आधीच लागला होता.

मराठीत आम्ही भाषांतरवाल्यांनी त्याचं 'आंतरजाल' केलं. चांगला शब्द आहे, आंतरराष्ट्रीय मधला 'आंतर'. पण निम्मे लोक लिहितात 'अंतर्जाल', आणि 'अंतर्' म्हणजे आतलं, अंतर्गत मधलं. त्याचा अर्थ झाला इंट्रानेट, एखाद्या संस्थेपुरतं आतलं जाळं. एकदा एका बँकेचं पुस्तक माझ्याकडे आलं, त्यात हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात. मी इमानाने एक 'आंतरजाल' आणि एक 'अंतर्जाल' लिहिलं. मुद्रितशोधकाने दोन्ही सारखे करून टाकले. त्या शाखांत पुढे काय घडलं, ते मी विचारलं नाही.

मोठमोठाले शब्दही खूप निघाले. नव्वदच्या दशकात 'इन्फर्मेशन सुपरहायवे' हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणांत असायचा, आम्ही त्याचा 'माहितीचा महामार्ग' करून छापलाही. आज कुणी म्हणतं का, महामार्गावर जाऊन जरा रेसिपी बघते? हसतील. मंचावरून दिलेली नावं बहुधा मंचावरच राहतात. कामाच्या घाईत, कंटाळून, चेष्टेत पडलेली नावं घरी येतात.

याला मोठा अपवाद 'सायबर'. आणि त्याची तर कमालच आहे. 1948 मध्ये नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने यंत्रं आणि प्राणी स्वतःला ताळ्यावर कसे ठेवतात, याच्या अभ्यासाला 'सायबरनेटिक्स' नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. ससून डॉकच्या कुठल्याही तांडेलाला हे शास्त्र पोथी न वाचता येतं: होडी डावीकडे सरकली, सुकाणू थोडं उलट, जास्त झालं, पुन्हा थोडं परत. बघायचं, दुरुस्त करायचं, परत बघायचं. आपला फ्रिज नि एसी याच तत्त्वावर चालतात. हाच ग्रीक शब्द लॅटिनमध्ये जाऊन इंग्रजी 'गव्हर्नर' झाला. म्हणजे मलबार हिलवरचे महामहिम राज्यपाल आणि सायबर पोलिसांकडे तक्रार गेलेला चोर, दोघे एकाच होडीतले. मग 1982 मध्ये विल्यम गिब्सन या कथालेखकाने शब्दाचं पुढचं निम्मं तोडून त्याला 'स्पेस' जोडलं. सायबरस्पेस. कानाला झणझणीत, अर्थाला पोकळ. गंमत म्हणजे दोन वर्षांनी ज्या कादंबरीने हा शब्द जगभर नेला, ती त्यांनी साध्या टाइपरायटरवर लिहिली. सुकाणू हरवलं ते तेव्हापासून.

'अवतार' तर आपल्याच अंगणातून गेला. खाली उतरणं, हा त्याचा संस्कृत अर्थ. ऐंशीच्या दशकात एका अमेरिकी संगणक-खेळात पडद्यावरच्या बाहुलीला हे नाव मिळालं आणि आता मोबाइलवर तो इंग्रजी उच्चाराने आपल्याकडे परत आलाय, 'ॲव्हटार'. काय हा अवतार!

इथे आल्यावर प्रत्येक शब्दाला आधी लिंग घ्यावं लागतं. लिंक ती, पासवर्ड तो, ॲप ते. ई-मेल आला की आली, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. नेट ते, बहुधा जाळं ते म्हणून, हा आपला माझा अंदाज. पण शब्द घरचा झाला की नाही, हे मी अनेकवचनावरून ओळखते. फाइलच्या 'फायली' कधीच झाल्या, सरकारी कपाटांतच झाल्या. ॲपचं अजून 'ॲप्स'च आहे, पाहुणा. आणि परवा चर्चगेट गाडीत शेजारची मुलगी फोनवर ओरडत होती, "अरे, दोन्ही लिंका पाठव ना!" म्हणजे लिंकही आली घरात.

त्या केबलवाल्या मुलानंतर चारेक महिन्यांनी, योगायोग बघा, दुसऱ्याच एका इंटरनेट कंपनीचं माहितीपत्रक माझ्याकडे भाषांतराला आलं. मी प्रत्येक ठिकाणी शहाण्यासारखं 'सेकंदाला शंभर मेगाबिट' असं सविस्तर लिहिलं. संध्याकाळी मजकूर परत आला, बाजूला लाल अक्षरांत शेरा: चौकटीत जागा नाही, एमबी करा.