पंखा मंदावला म्हणजे मोटर जळाली, हे खरे नव्हे
छताचा पंखा मंदावला की ‘मोटर गेली, नवाच घ्या’ असा सल्ला ठाण्यात घरोघरी मिळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. पंख्याला सुरुवातीचा जोर देणारा कंडेन्सर, बहुधा २.५ मायक्रोफॅरड क्षमतेचा, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने क्षीण होतो; त्याने पंखा मंदावतो आणि पुढे पाती हाताने सैल फिरत असूनही पंखा ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यांना हे लागू नाही.) नौपाड्यातील आमचा जुना पंखा असाच भंगारात निघाला होता; मोटरलगतची वाटी दांड्यावर वर सरकवली, तेव्हा फुगलेला पांढरा कंडेन्सर दिसला. मेन स्विच बंद करून, जुन्यावर छापलेल्याच आकड्याचा नवा जोडावा. मोटरला जळका वास येत असेल, तर मात्र दोष बहुधा वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारांच्या वेटोळ्यांचा असतो.