‘झेपेल तेवढंच दुःख देव देतो’ हे बायबलात नाही

ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या चर्चमधून मयताची मिस्सा आटोपून लोक बाहेर पडले, की कुणीतरी घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवून हमखास म्हणतं, “देव झेपेल तेवढंच देतो, बायबलातच लिहिलंय.” म्हणणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण असं वचन बायबलात नाही.

आधार दिला जातो तो प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, बायबलातल्या ‘करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या’ १०:१३ चा (अध्याय १०, वचन १३). तिथे विषय दुःखाचा नाहीच. आधीच्या ओळींत रानात मूर्तिपूजा, व्यभिचार आणि कुरकुर यांत अडकलेले इस्राएल लोक आहेत. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’, म्हणजे परीक्षा किंवा मोह. मराठीत ‘परीक्षा’ छापलंय आणि आपण आजारपण, कर्ज, मरण सगळ्यालाच परीक्षा म्हणतो. आपल्याकडे घोळ बहुधा तिथेच झाला. पौलाचं म्हणणं एवढंच, की मोहातून निघायची वाट देव ठेवतो.

दुःखाबद्दल तोच पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:८-९) सरळ उलट सांगतो: आशियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या रोमी प्रांतात) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याची आशाच सुटली. कशासाठी? तर स्वतःवर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. आणि लगेच तो करिंथकरांच्या प्रार्थनेची मदतही मोजतो. झेपत नाही हे कबूल करणं त्याच्या लेखी अविश्वास नव्हता. (स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते बायबलातल्या स्तोत्रसंहितेत आहेच.)

मग मयताच्या घरी म्हणावं काय? गलतीकरांस पत्रात ६:२ आहे: एकमेकांची ओझी वाहा. कळव्याहून डबा पोहोचवणं, रात्री हॉस्पिटलात बसणं, हे त्यातच येतं.