देनाली: नाव साधं, डोंगर अवाढव्य

अलास्कातल्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव देनाली आणि त्यातल्या मुख्य शिखराचं सरकारी नाव मात्र माउंट मॅकिन्ली. हा घोळ जुना आहे. इथले मूळ रहिवासी असलेले कोयुकॉन लोक या डोंगराला पूर्वीपासून देनाली म्हणत आले, म्हणजे 'तो उंच'. अलास्का रशियाच्या ताब्यात असताना रशियनांनीही 'बोल्शाया गोरा', मोठा डोंगर, एवढ्यावरच भागवलं. १८९६ मध्ये विल्यम डिकी नावाचा माणूस सोनं शोधत तिथे पोहोचला आणि त्याने डोंगराला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचं, विल्यम मॅकिन्ली यांचं, नाव देऊन टाकलं. मॅकिन्ली चलनाला सोन्याचा आधार हवा म्हणणारे. सोनं शोधणाऱ्याला ते जवळचे वाटणारच! त्यांनी अलास्का कधी पाहिलंही नाही. १९८० मध्ये उद्यानाचं नाव देनाली झालं, २०१५ मध्ये ओबामांच्या काळात शिखराचंही. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या आदेशाने शिखर पुन्हा मॅकिन्ली झालं. उद्यान तेवढं वाचलं.

माझं मत विचाराल तर 'तो उंच' हेच नाव भूगोलाला धरून आहे. शिखर ६,१९० मीटरांचं. आकडा एव्हरेस्टपुढे लहान, पण एव्हरेस्टचा पायथाच मुळात उंच पठारावर आहे. देनाली सखल भागातून उठतो आणि पायथ्यापासून सुमारे साडेपाच हजार मीटर वर जातो.

तो एवढा एकटाच का वाढला? एक कारण दगडात आहे. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली शिलारस थिजून ग्रॅनाइट तयार झाला. भोवतालचे थरांचे खडक झिजत गेले, ग्रॅनाइट तग धरून राहिला. दुसरं कारण देनाली प्रस्तरभंग. या लांबलचक भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना घासत आडवी सरकते. पण डोंगराजवळ ही भेग वळते आणि तिथे सरळ सरकायला वाव उरत नाही. भिंतीशी रेटलेली सतरंजी जशी घडी होऊन वर येते, तसा इथला खडक दाबला जाऊन वर चढतो. आज दिसणारी बरीचशी उंची गेल्या साठेक लाख वर्षांतली आहे.

भेग अजून जागी आहे. ३ नोव्हेंबर २००२ रोजी तिच्यावर ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगराच्या बऱ्याच पूर्वेला अलास्काची तेलवाहिनी ही भेग ओलांडते. तिथे जमीन काही मीटर सरकली. वाहिनी मात्र पुरलेली नव्हती. अभियंत्यांनी ती आडव्या तुळयांवर, घसरू शकेल अशी ठेवली होती. जमिनीबरोबर तीही सरकली आणि तेलाचा थेंबही सांडला नाही.