मूर्ती नसलेला गाभारा

'मंदिर' म्हटले की मराठी माणसाला शिखर, गाभारा आणि गाभाऱ्यातली मूर्ती दिसते. यरुशलेमच्या यहुदी मंदिरालाही गाभारा होता, मूर्ती मात्र नव्हती. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे ते जिंकून थेट सर्वांत आतल्या खोलीत शिरला. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने पुढे नोंदवून ठेवले : आत देवाची प्रतिमा नव्हती, जागा रिकामी होती.

मुळात हा देव तंबूतला. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेले इस्राएल लोक रानोमाळ हिंडत होते, तेव्हा निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, त्यांच्याबरोबर असे. मुक्काम हलला की तोही उकलून पुढे न्यायचा. पुढे दावीद राजा गंधसरूच्या लाकडाच्या वाड्यात राहू लागला आणि ओशाळला. आपण वाड्यात आणि देवाचा कोश, दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली ती पवित्र पेटी, कनातीत? त्याने मंदिर बांधायचे मनात आणले. नाथान संदेष्ट्याकडून निरोप आला तो उलटाच : तू मला काय घर बांधणार, मीच तुझे घर उभारीन. हिब्रूतल्या 'बायित' या शब्दात घर आणि घराणे दोन्ही येतात. हा श्लेष मराठीत किती सहज उतरतो!

मंदिर बांधले ते त्याच्या मुलाने, शलमोनाने. लाकूड लबानोनचे, सोर (टायर) नगराचा राजा हिराम याने पुरवलेले. काम सात वर्षे चालले. लांबी ६० हात, रुंदी २०, म्हणजे अदमासे २७ मीटर बाय ९. एवढ्या गाजलेल्या वास्तूच्या मानाने आटोपशीरच. आतले परमपवित्रस्थान, म्हणजे गाभारा, लांबी, रुंदी, उंची सगळीकडून २० हात. या मापाकडे पुन्हा यायचे आहे. तिथे तोच कोश, कराराचा कोश, होता आणि वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा मुख्य याजक आत जाई.

इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने ते जाळले आणि लोकांना बंदी करून नेले. त्या बंदिवासातून परतलेल्यांनी दुसऱ्या मंदिराचा पाया घातला, तेव्हा जुने मंदिर पाहिलेले म्हातारे हमसून रडले आणि बाकीचे आनंदाने ओरडले. रडणे कुठले नि जल्लोष कुठला हे ओळखू येईना, असे एज्राच्या पुस्तकात आहे. कोश मात्र परतला नाही. पाँपेला रिकामी खोली दिसली ती त्यामुळेच.

हेरोद राजाने याच मंदिराचा मोठा विस्तार केला. अंगणात एक कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत ताकीद कोरलेली होती : परक्याने, म्हणजे यहुदी नसलेल्याने, ओलांडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. ताकीद कोरलेला एक दगड १८७१ साली सापडला, तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. याच परिसरात येशूने सराफांचे चौरंग उलथले. 'हे मंदिर मोडा, मी तीन दिवसांत उभारीन,' असे तो म्हणाला, तेव्हा ऐकणारे चक्रावले. बांधायला ४६ वर्षे लागली होती. शुभवर्तमान लिहिणारा योहान लगेच खुलासा करतो की येशू आपल्या शरीराविषयी बोलत होता. त्याच्या मरणाच्या वेळी परमपवित्रस्थानापुढचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे दुसरा शुभवर्तमानकार मार्क सांगतो. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने मंदिर पाडले. लुटून नेलेला सात शाखांचा दीपवृक्ष रोममधल्या त्याच्या कमानीवर आजही कोरलेला दिसतो.

येशूचा प्रेषित पौल याने त्याआधीच करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले होते : तुम्ही देवाचे मंदिर आहात. मराठीत 'तुम्ही' आदरार्थी एकवचनही असते, म्हणून इथला मुद्दा निसटतो. ग्रीकमध्ये ते निखळ अनेकवचन आहे. मंदिर म्हणजे सगळी मंडळी मिळून. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात यहुदी आणि परके यांच्यामधली 'आडभिंत' पाडल्याची भाषा येते, तेव्हा तो कठडा आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या खुशाल कोणाच्याही घरी जमत. चर्चच्या इमारती पुष्कळ नंतरच्या. पुण्यातल्या पंचहौद चर्चचे 'पवित्र नाम देवालय' हे नावही त्या नंतरच्याच परंपरेतले.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात नवे यरुशलेम स्वर्गातून उतरते आणि लिहिणारा म्हणतो, त्यात मला मंदिर दिसले नाही. त्याआधीच शहराचे माप आलेले असते : लांबी, रुंदी, उंची सारखीच. शलमोनाच्या गाभाऱ्याचाच आकार, फक्त आता सगळे शहर त्यात मावते आणि वेशी दिवसभर उघड्या असतात.