जवाहिरखान्यापासून विद्याधनापर्यंत: संपत्तीच्या व्याख्येची बडोद्यातील पार्श्वभूमी

पैसाअडका, दागदागिने आणि जमीनजुमला एवढीच माणसाची संपत्ती नव्हे. आरोग्य, शिक्षण, जोडलेली माणसे आणि स्वतःच्या हातात असलेला वेळ हीही संपत्तीच आहे, असे अलीकडे बडोद्याच्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांतून वारंवार ऐकू येते. हा विचार नव्या काळाचा म्हणून मांडला जातो. या शहरापुरते बोलायचे तर त्यामागे सुमारे दीडशे वर्षांच्या घडामोडी आहेत, आणि त्या नीट पाहिल्या तर तिजोरीत न मावणारी ही संपत्ती एकट्या माणसाच्या पुण्याईवर क्वचितच उभी राहते, हे लक्षात येते. तिच्या मुळाशी कुणाचा तरी खर्च, एखादा कायदा किंवा दुसऱ्याचे कष्ट असतात.

बडोद्याचे राजे खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत (1856 ते 1870) संपत्तीचा अर्थ डोळ्यांना दिसत असे. ‘स्टार ऑफ द साउथ’ हा जगप्रसिद्ध हिरा बडोद्याच्या जवाहिरखान्यात आला तो याच काळात, आणि मोत्यांनी मढवलेला प्रसिद्ध गालिचाही याच काळातला. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांच्या दरबारात 1874 साली दादाभाई नौरोजी दिवाण झाले. दरडोई उत्पन्नाचा हिशोब मांडून 1867-68 मध्ये हिंदी माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी अवघे 20 रुपये येतात, असे दाखवणारे ते हेच दादाभाई. राज्याची श्रीमंती खजिन्यावरून न मोजता माणशी काय पडते यावरून मोजायची, ही दृष्टी असलेला माणूस अशा दरबारात फार काळ टिकला नाही. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला ते पायउतार झाले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच मल्हाररावही पदच्युत झाले.

1875 साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला गेला आणि सयाजीराव झाला. त्याचे शिक्षण गादीवर आल्यावरच सुरू झाले. शिक्षण म्हणजे काय, हे उशिरा मिळाल्यामुळे ज्याला नेमके कळले असा हा राजा होता, असे मला वाटते. सयाजीराव विरक्त नव्हते. 1890 साली पूर्ण झालेला लक्ष्मी विलास राजवाडा त्यांचाच. पण त्याच वर्षी त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली आणि हातातल्या कसबाला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळाली. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो कायद्याने राज्यभर लागू झाला. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ब्रिटिश सरकारने ते विधेयक मंजूर होऊ दिले नाही.

शाळेत शिकलेले अक्षर पुढे वाचनाअभावी विसरले जाऊ नये, म्हणून ग्रंथालये आली, आणि या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मी त्यांनाच मानतो. 1910 साली अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावण्यात आले. महाराजांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह सार्वजनिक केला. गावातल्या ग्रंथालयासाठी गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच भर प्रांत पंचायत घाली आणि तेवढीच सरकार. ज्या गावाला हेही जमत नसे, तिथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी जाई. तिच्यात मोजकी पुस्तके असत, नेण्याआणण्याचा खर्च सरकार करी आणि वाचून झाल्यावर पेटी बदलून मिळे. शेतकऱ्याच्या घरी पुस्तकाची मालकी आली नाही, पण वाचन आले. वस्तू मालकीची नसतानाही तिने माणूस समृद्ध होऊ शकतो, हे त्या पेटीने गावोगाव सिद्ध केले. मोत्यांचा तो गालिचा 2009 साली दोहा येथे लिलावात विकला गेला. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तके आजही घरी नेता येतात.

तरीही विद्याधन चोराला नेता येत नाही आणि भाऊबंदांना वाटून घेता येत नाही, या जुन्या वचनावर विसंबून राहता येत नाही. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांच्याइतके शिकलेले लोक देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. त्यांना या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला. विद्या त्यांच्यापाशी होती. तिचे मोल मान्य करायला समाज तयार नव्हता.

भाऊबंदांच्या वाट्याचा प्रश्न तर कायद्याच्या दारात गेला. एकत्र कुटुंबाच्या पैशाने विशेष शिक्षण घेतलेल्या माणसाची कमाई सगळ्या कुटुंबाची ठरते, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानातल्या खटल्यांच्या लंडनमधल्या अंतिम न्यायपीठाने, 1921 साली एका सनदी अधिकाऱ्याच्या बाबतीत दिला. तो नियम बदलण्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानात 1930 चा हिंदू विद्याधन कायदा करावा लागला आणि शिक्षणाच्या बळावर मिळवलेले धन ज्याचे त्याचे झाले. हा बदल आवश्यकच होता. मात्र एका मुलाला शिकवण्यासाठी ज्या भावाने शेती सांभाळली आणि ज्या बहिणीची शाळा सुटली, त्यांचे देणे कोणत्याही वाटणीपत्रात नोंदले गेले नाही.

अर्थशास्त्र हीच वाट वेगळ्या दिशेने चालले. माणसाने कमावलेले कौशल्य हे भांडवलच आहे, असे अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये म्हटले होते, पण त्याला ‘मानवी भांडवल’ म्हणून सिद्धान्ताचे रूप मिळाले ते 1960 नंतर, थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांच्याकडून. 1990 मध्ये महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने मानव विकास निर्देशांक पुढे आणला आणि उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण यांची गणना सुरू झाली.

वेळेची मोजणी सर्वांत मागे राहिली. देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण 2019 साली झाले; घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. सयाजीरावांच्या 1906 च्या कायद्यातही मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती, तर मुलींना दहाव्यापर्यंतच. निवृत्त माणूस आज आपला मोकळा वेळ संपत्तीत धरतो, तेव्हा त्याच घरात स्वयंपाक, भांडी आणि आजारपणे सांभाळणाऱ्या बाईच्या या पाच तासांची नोंद कुठे करायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.